वाढीव कामाचे २५० पौंड : फ्रान्सिस ग्रीनवेचं प्रकरण

बांधकामाच्या धंद्यातली भांडणं मूळ करारावरून कमी आणि वाढीव कामावरून जास्त होतात. मालक म्हणतो, हे कधी ठरलंच नव्हतं. ठेकेदार म्हणतो, तुम्हीच तर समोर उभं राहून सांगितलंत. अशा वेळी ज्याच्या हातात सहीचा कागद असतो तो जिंकतो. ब्रिस्टलला लागून असलेल्या क्लिफ्टनमध्ये कर्नल रिचर्ड डूलन यांच्या घराचं काम फ्रान्सिस ग्रीनवेकडे होतं आणि त्याच्याकडे असा कागद होता. कर्नलसाहेबांनी २५० पौंड जादा द्यायचं मान्य केलंय, असं त्यावर लिहिलेलं होतं. कर्नलसाहेबांनी मात्र तसं काहीच मान्य केलेलं नव्हतं.

मार्च १८१२ मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयात ग्रीनवेने बनावट दस्तऐवजाचा गुन्हा कबूल केला. मित्रांच्या सल्ल्यावरून कबूल केला, असं त्याचं म्हणणं होतं. शिक्षा झाली फाशीची. पुढे ती चौदा वर्षांच्या हद्दपारीत बदलली गेली आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो सिडनीच्या धक्क्यावर उतरला. आज सिडनीतल्या सर्वांत जुन्या आणि देखण्या इमारतींपैकी कित्येक त्याच्या आहेत.

ही गोष्ट सहसा ‘कैद्याचा झाला कलावंत’ या थाटात सांगितली जाते. मला ती हिशेबाची गोष्ट वाटते. ग्रीनवे आयुष्यात दोनदा केलेल्या कामाच्या पैशांवरून अडकला. एकदा इंग्लंडमध्ये, २५० पौंडांवरून. दुसऱ्यांदा वसाहतीत, त्याच्या कितीतरी पट रकमेवरून. आणि या दोन्हींच्या मध्ये जी कामं त्याने केली, त्यांची मजुरी त्याला मुख्यतः माफीच्या कागदांत मिळाली.

ग्रीनवेचा जन्म १७७७ चा, ब्रिस्टलजवळच्या मँगट्सफील्डचा. घराणं पिढीजात गवंडी-पाथरवटांचं. तो लंडनला जाऊन जॉन नॅशच्या हाताखाली शिकला. हा नॅश म्हणजे पुढे राजपुत्राच्या मर्जीतला, रीजंट स्ट्रीट आखणारा. १८०० साली ग्रीनवेची रेखाटनं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागली. मग ब्रिस्टलला परतून त्याने ऑलिव्ह आणि जॉन ट्रिप या दोन भावांबरोबर धंदा मांडला. नकाशा आपला, दगड आपला, बांधकामही आपलंच. क्लिफ्टनमधलं हॉटेल आणि सभागृह हे त्यांचं मोठं काम. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे त्या काळात घरबांधणीचा धंदा बसला होता. १८०९ मध्ये भावांचं दिवाळं निघालं. डूलन यांचं प्रकरण घडलं ते ही पडझड झाल्यानंतर, तेव्हा २५० पौंड ही त्याच्यासाठी किरकोळ रक्कम नव्हती.

एका खोट्या कागदासाठी थेट फाशी, हे आज अंगावर येतं. त्याचं कारण त्या काळच्या इंग्रजी व्यापारात आहे. सगळा व्यवहार हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि सह्यांवर चाले. सहीवरचा भरवसा उडाला तर बाजारच बसेल, ही धास्ती. १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक व दोन पौंडांच्या साध्या छपाईच्या नोटा बाजारात आणल्या. त्यांची नक्कल करणं सोपं होतं. पुढच्या सुमारे पंचवीस वर्षांत बँकेच्या बनावट नोटांसाठी तीनशेहून अधिक माणसं फासावर गेली. पुष्कळांना फाशी माफ होऊन हद्दपारी मिळाली. बनावट कागदासाठी इंग्लंडमध्ये शेवटची फाशी झाली ती १८२९ मध्ये. हाच इंग्रजी कायदा कंपनी सरकारने आपल्याकडेही आणून वापरला होता. १७७५ मध्ये कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना बनावट दस्तऐवजाच्याच आरोपावरून फासावर चढवलं गेलं. त्या खटल्यामागचं राजकारण बाजूला ठेवलं, तरी कलम तेच.

तुरुंगात असताना ग्रीनवेने ब्रिस्टलच्या न्यूगेट तुरुंगातल्या दृश्यांची चित्रं रंगवली. त्यांपैकी एकात कैदी खोटा खटला भरवून मजा करताना दिसतात. फाशीची शिक्षा ऐकून आलेल्या माणसाने हा विषय निवडावा, यावरून स्वभावाची थोडी कल्पना येते.

त्याला घेऊन निघालेलं ‘जनरल ह्युइट’ हे जहाज कलकत्त्यात बांधलेलं होतं. प्रवास भीषण झाला. तीनशे कैद्यांपैकी चौतीस वाटेत मेले, बहुतेक हगवणीने. १८१४ च्या फेब्रुवारीत जहाज सिडनीला लागलं. या आणि आणखी दोन जहाजांवरच्या मृत्यूंची चौकशी डॉ. विल्यम रेडफर्न यांनी केली. खरं तर रेडफर्न स्वतःही कैदी म्हणूनच आलेले. आरमारातल्या बंडाच्या वेळी बंडवाल्यांना साथ दिल्याचा त्यांच्यावर ठपका होता. त्यांच्या अहवालानंतर कैद्यांच्या जहाजांवर अधिकार असलेला सरकारी डॉक्टर नेमण्याची पद्धत सुरू झाली. ‘जनरल ह्युइट’वर आणखी एक बनावटगिरीवाला होता, चित्रकार जोसेफ लायसेट. तो सिडनीत आला आणि सव्वा वर्षातच खोट्या नोटा छापताना सापडला. त्याची रवानगी वसाहतीतल्याच न्यूकॅसलला झाली. पुढे माफी मिळवून तो इंग्लंडला परतला आणि वसाहतीच्या निसर्गचित्रांचा संग्रह काढून तिथे नाव मिळवलं.

हद्दपारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंदमानच्या कोठड्या येतात. १८१४ च्या सिडनीत तसं काही नव्हतं. बहुतेक कैदी मोकळे फिरत, दिवसा सरकारी काम करत, दुपारनंतर स्वतःची मजुरी करून राहण्याचं भाडं भागवत. वागणूक बरी असेल तर सवलतपत्र मिळे. ते असलं की ठरावीक इलाख्यात स्वतःचा धंदा करता येई. त्याच्या वरची पायरी सशर्त माफीची : वसाहतीत मोकळा, पण मुदत संपेपर्यंत ब्रिटनला परतायचं नाही. सर्वांत वर पूर्ण माफी. हे तिन्ही कागद गव्हर्नरच्या हातात असत. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले. त्यातल्या शिकलेल्या, हुन्नरी माणसांना या कागदांची किंमत फार लवकर कळे.

ग्रीनवेच्या मागे शिफारस होती. वसाहतीचे पहिले गव्हर्नर आर्थर फिलिप निवृत्त होऊन बाथला राहत होते. त्यांनी तेव्हाचे गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी यांना त्याच्याबद्दल लिहिलं होतं. मॅक्वारी म्हणजे आपल्या मुंबईत अनेक वर्षं काढलेला लष्करी माणूस. १७८८ मध्ये तो सत्त्याहत्तराव्या पलटणीबरोबर मुंबईला आला, इथेच १७९३ मध्ये जेन जार्व्हिसशी त्याचं लग्न झालं. ती मकावला क्षयाने वारली, तेव्हा त्याने तिचा देह मुंबईला आणून दफन केला. कोचीनमध्ये विकत घेतलेला एक मुलगा, ज्याचं नाव त्यांनी जॉर्ज जार्व्हिस ठेवलं, तो तर पुढे सिडनीपर्यंत मॅक्वारीबरोबर होता. ग्रीनवेच्या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरी आहे. काही वर्षांपूर्वी या मॅक्वारीने आपल्या दोन लहान नातलगांची नावं पलटणीच्या पटावर अधिकारी म्हणून चढवली होती. पोरं तेव्हा स्कॉटलंडमध्ये शाळेत जात होती. सरसेनापतींनी त्यावर त्याला खडसावलं. फाशी सोडाच, बढतीही फारशी अडली नाही. खोट्या कागदाची शिक्षा कोणी, कोणत्या दालनात लिहिला यावर ठरते, हे दोघांनाही ठाऊक असणार.

मॅक्वारीने ग्रीनवेला पहिलं काम दिलं ते नकाशाची नक्कल करण्याचं. टाउन हॉल आणि न्यायालय बांधायचं होतं, एक तयार आराखडा हाताशी होता. सहा महिन्यांपूर्वी उतरलेल्या कैद्याने गव्हर्नरला उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा : ज्या इमारतीला प्रमाणबद्धता नाही, अभिजात घडण नाही, तिची नक्कल करायला माझ्यासारख्या व्यावसायिकाला क्लेश होतात. वर नामवंत वास्तुविशारद सर विल्यम चेंबर्स यांचा दाखला. बनावटगिरीची शिक्षा भोगणाऱ्याने नक्कल करायला नकार द्यावा, यातला विनोद मॅक्वारीला जाणवला की नाही देव जाणे. तो चिडला, पण त्याने माणूस सोडला नाही. लंडनकडे त्याने वास्तुविशारद मागितला होता आणि मिळाला नव्हता.

जुलै १८१४ मध्ये ग्रीनवेची बायको मेरी तीन मुलांना घेऊन दुसऱ्या जहाजाने आली. डिसेंबरमध्ये ‘सिडनी गॅझेट’मध्ये त्याच्या व्यवसायाची जाहिरात झळकली. मार्च १८१६ मध्ये तो सरकारी वास्तुविशारद झाला. पगार रोज तीन शिलिंग, शिवाय राहायला सरकारी घर. तीन शिलिंग म्हणजे वर्षाला जेमतेम ५५ पौंड.

पहिल्याच वर्षी त्याने शत्रू जमवायला घेतले. सिडनीचं मोठं इस्पितळ तेव्हा उभं राहत होतं. ते बांधणाऱ्या तीन ठेकेदारांना पैशांऐवजी रम आयात करण्याचा मक्ता मिळाला होता, म्हणून लोक त्याला रम हॉस्पिटलच म्हणत. ग्रीनवेने तपासणी करून निकृष्ट काम उघडं पाडलं आणि ठेकेदारांना दुरुस्ती स्वखर्चाने करावी लागली. मूळचा ठेकेदारच तो. कुठे दगड चोरतात, सांधे कसे भरतात, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नव्हतं. विंडसरच्या सेंट मॅथ्यू चर्चमध्येही दुसऱ्याने उभारलेल्या भिंती कच्च्या विटांमुळे पाडायला लावल्या गेल्या. (त्याच चर्चच्या कोनशिलेखाली मॅक्वारीने ठेवलेलं चांदीचं नाणं चोरीला गेलं. परत ठेवलं, परत गेलं. वसाहत कोणत्या माणसांची होती ते आठवावं.) १८१६ च्या अखेरीला कॅप्टन सँडर्सनने एका चित्रकामाच्या वादातून ग्रीनवेला चाबकाने फोडून काढलं. ग्रीनवे कोर्टात गेला आणि जिंकला.

सिडनी बंदराच्या तोंडाशी, दक्षिण टोकावरचं दीपगृह हे त्याचं पहिलं मोठं सरकारी काम. जुलै १८१६ मध्ये पायाभरणी झाली. जवळपास मिळणारा वालुकाश्म मऊ आहे, टिकणार नाही, असं त्याने बजावलं होतं. पण लांबून दगड आणण्याइतका वेळ आणि पैसा कुणाकडे नव्हता. मनोरा देखणा झाला. मॅक्वारी खूश झाला आणि डिसेंबर १८१७ मध्ये ग्रीनवेच्या हातात सशर्त माफी आली. दगडाबद्दल तो बरोबर होता : काही वर्षांतच मनोऱ्याला लोखंडी पट्ट्या मारून आवळावं लागलं आणि १८८३ मध्ये शेजारी नवं दीपगृह उभं राहिलं, जवळजवळ त्याच्याच आराखड्यावर.

दुसरा कागद आला हाइड पार्क बराकींमुळे. तीन मजली विटांची ही इमारत सहाशे कैद्यांसाठी होती, आत झोळ्या टांगून झोपायची सोय. ४ जून १८१९ रोजी, राजाच्या वाढदिवशी, तिथे कैद्यांना मेजवानी देऊन ती सुरू झाली. या इमारतीबद्दल वास्तुकलेच्या अंगाने बरंच लिहिलं जातं. २०१० पासून ती जागतिक वारसा स्थळांत आहे. दर्शनी भागाची मांडणी खरोखर सुरेख आहे, साध्या विटांतून काय साधता येतं त्याचा तो नमुनाच. पण तिने काय बदललं? आतापर्यंत शहरात कुठेही राहणारे, दुपारनंतर स्वतःच्या कमाईला मोकळे असणारे कैदी आता रात्री कुलूपबंद झाले. दिवसभराचं त्यांचं श्रम सरकारच्या हाती आलं. आणि हे घर बांधून दिल्याबद्दल ग्रीनवेला मिळाली पूर्ण माफी. सहाशे माणसांची उरलीसुरली मोकळीक गेली, त्या बदल्यात एकाला संपूर्ण मोकळीक मिळाली. आपल्याच सोबत्यांचं कुलूप घडवताना त्याला काही वाटलं असल्याची खूण त्याच्या लिखाणात मला दिसत नाही. तो प्रमाणबद्धतेबद्दल लिहितो.

या सगळ्या इमारतींच्या चुन्यासाठी शिंपले जाळले जात. किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगही त्यात गेले.

मग सप्टेंबर १८१९ मध्ये लंडनहून चौकशी आयुक्त जॉन थॉमस बिग आला. हद्दपारीची इंग्लंडमधल्या गुन्हेगारांना दहशत वाटली पाहिजे, हे त्याच्या वरिष्ठांचं ठाम मत होतं, आणि इथे तर कैदी वास्तुविशारद होऊन किल्ल्यासारखे तबेले बांधत होता. गव्हर्नरच्या घोड्यांसाठीचे ते तबेले बिगच्या डोळ्यांत फार खुपले. (आज तिथे संगीत महाविद्यालय आहे.) बिगने मोठ्या चर्चचं काम थांबवलं आणि न्यायालयासाठी घातलेल्या पायावर सेंट जेम्स चर्च उठवायला लावलं. ग्रीनवेने तेही निभावून नेलं.

याच काळात त्याने आपलं बिल काढलं. इंग्लंडमध्ये वास्तुविशारदाला बांधकाम खर्चाच्या पाच टक्के मानधन मिळत असे. आपण इतक्या इमारती उभ्या केल्या, तर मानधन सुमारे ११,००० पौंड होतं, असा त्याचा दावा. त्याच्या रोजच्या तीन शिलिंगांच्या हिशेबाने ही दोनशे वर्षांची कमाई. मॅक्वारी भडकला. पगार दिला, घर दिलं, माफी दिली, आणखी काय? बिल फेटाळलं गेलं. मॅक्वारी वसाहत सोडून गेल्यावर नव्या गव्हर्नरने, ब्रिस्बेनने, नोव्हेंबर १८२२ मध्ये ग्रीनवेला कामावरून काढलं.

इथे आणखी एका बनावटगिरीवाल्याची गाठ पडते. एडवर्ड ईगर, आयर्लंडमधला वकील, खोटी हुंडी चालवल्याबद्दल फाशी आणि मग हद्दपारी. तोही मॅक्वारीच्या माफीने मोकळा झाला होता. १८२० मध्ये त्याने न्यायाधीश बॅरन फील्डवर दावा लावला, तेव्हा उत्तर आलं की तुला दावा लावताच येत नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने नुकतंच ठरवलं होतं की गव्हर्नरने दिलेली माफी पुरेशी नाही. त्या माणसाचं नाव राजमुद्रेखालच्या माफीनाम्यात यायला हवं. ती नावं तशी कधी पाठवलीच गेली नव्हती. म्हणजे वसाहतीतल्या हजारो माफीपत्रांवर सही खरी होती, शिक्का खरा होता, आणि तरी कोर्टात ती चालत नव्हती. मालमत्ता, करार, वारसा, सगळंच लटकलं. ईगर आणि डॉ. रेडफर्न अर्ज घेऊन लंडनला गेले आणि १८२३ च्या कायद्याने त्या माफ्या पक्क्या झाल्या. ज्या कागदांत ग्रीनवेची मजुरी चुकती केली होती, ते त्याला बडतर्फ केलं त्या दिवशीदेखील कायद्याने कच्चेच होते.

नंतरची पंधरा वर्षं वेगाने सांगता येतील, कारण त्यांत काम फारसं नाही. खासगी गिऱ्हाइकं त्याच्या भांडखोरपणाला कंटाळत. तो वर्तमानपत्रांत लांबलचक पत्रं लिही. १८२५ च्या एका पत्रात त्याने सिडनीच्या बंदरावर डॉझ पॉइंटपासून उत्तर किनाऱ्यापर्यंत पूल सुचवला होता; तसा पूल झाला १९३२ मध्ये. १८३२ मध्ये मेरी गेली. १८३५ मध्ये त्याने पुन्हा जाहिरात दिली : काही विलक्षण परिस्थितीमुळे मित्रांचा आणि जनतेचा आश्रय पुन्हा मागावा लागत आहे. सप्टेंबर १८३७ मध्ये हंटर नदीकाठी, बहुधा विषमज्वराने, तो वारला. ईस्ट मेटलंडला त्याला पुरलं, थडग्यावर दगड लागला नाही.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने नवं दशमान चलन आणलं, तेव्हा दहा डॉलरच्या नोटेवर ग्रीनवेचा चेहरा छापला गेला. त्याच वर्षी नाताळच्या सुमाराला त्या नोटेच्या बनावट प्रती मोठ्या संख्येने बाजारात सापडल्या. नक्कल करता येणार नाही अशा नोटेचा शोध तेव्हापासून सुरू झाला आणि १९८८ मध्ये तिथे प्लास्टिकची पहिली नोट आली. हा योगायोग इतका गोंडस आहे की ग्रीनवेवरचं बहुतेक लिखाण तिथेच थांबतं आणि ११,००० पौंडांचं काय झालं ते विचारत नाही.

मला त्याचा दावा अर्धा खरा वाटतो. पाच टक्के हा चालू दर होता आणि त्याच्याइतकं काम दुसरा कुणी करू शकत नव्हता, हेही खरं. पण १८१६ ते १८१९ दरम्यान तो शिक्षा भोगत होता. त्याने रोजचे तीन शिलिंग घेतले, घर घेतलं, आणि तेव्हा टक्केवारीचा करार कुणाशी केला नव्हता. डूलन प्रकरणात त्याने नसलेला करार लिहून काढला होता. इथे निदान त्याने तसं केलं नाही, हक्क म्हणून उघड मागणी केली. मॅक्वारीच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी : सरकारकडून त्याला इमारतींसाठी पैसा मिळत नव्हता, मिळत होती ती माणसं आणि माफीचा अधिकार. जे हातात होतं त्यातच त्याने चुकारा केला. ग्रीनवेने पूर्ण माफी मिळेपर्यंत तोंड उघडलं नाही आणि मिळाल्यावर बिल लावलं, यात धूर्तपणा आहेच. पण त्याआधी बिल लावणारा कैदी माफीच्या यादीत राहिला असता, असं मानायला माझ्यापाशी काही आधार नाही.